आईचं नाव यादीत परत आणताना

अप्पांच्या बोटाला शाई लागली, आईच्या लागली नाही.

१३ मे २०२४, लोकसभेचं मतदान, शनिवार पेठेतली एक शाळा. आम्ही तिघं धायरीहून रिक्षाने सव्वाआठलाच पोचलो होतो. मतदानाला आई साधी साडी नेसत नाही. त्या दिवशी तिने ठेवणीतली नारायणपेठी काढली होती. पहिल्या टेबलावरचे गृहस्थ यादीवर फूटपट्टी सरकवत नावं शोधत होते. अप्पांचं सापडलं, त्यांनी ते मोठ्याने वाचलं, भिंतीला टेकून बसलेल्या पोलिंग एजंटांनी आपापल्या कागदावर खुणा केल्या. आईच्या नावाशी पट्टी थांबली. तिच्या चौकटीवर आडवा शिक्का होता, नाव वगळल्याचा.

आईने कार्ड पुढे केलं. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात ही फोटोवाली कार्डं निघाली, तेव्हाचं ते. कडा पिवळ्या पडलेल्या, फोटोतल्या आईचे केस काळेभोर.

"आजी, कार्ड बरोबर आहे तुमचं. पण यादीत नाव नाही, तर मला काही करता येत नाही."

"मी १९७१ पासून मत देतेय," आई म्हणाली. जागची हलली मात्र नाही.

मागे उभ्या असलेल्या एका मुलाने मोबाईल पुढे केला. "काकू, चॅलेंज वोट मागा. आधार दाखवायचं, कलम ४९ ए सांगायचं, द्यावंच लागतं त्यांना." तो मेसेज माझ्याही फोनवर तीन ग्रुपांमधून येऊन पडला होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही तोंड उघडणारच होते. केंद्राध्यक्ष बाई उठून आल्या. त्या मेसेजने त्या दिवशी त्यांचं डोकं बरंच खाल्लेलं असणार, कारण त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. यादीत नाव नसताना आधार दाखवून मत देण्याची सोय कुठल्याच कलमात नाही. चॅलेंज म्हणजे आलेला माणूस तो नव्हेच, असा आक्षेप एजंटने दोन रुपये भरून घ्यायचा. आणि आपलं मत आपल्याआधीच कुणी टाकून गेलं असेल तर नियम ४९ पी खाली प्रदत्त मत मिळतं, कागदी मतपत्रिकेवर, ते वेगळ्या पाकिटात जातं. दोन्हींना आधी यादीत नाव लागतं. अशी मतं चौदा टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं, हे त्याच मेसेजचं शेपूट. तेही खोटं.

बाहेर मंडपात बीएलओ बसले होते, म्हणजे त्या केंद्राची यादी सांभाळणारे. त्यांनी पुरवणी यादी उलगडून दाखवली. वगळलेल्या नावांत आईचं नाव होतं आणि त्याआधी इंग्रजी 'एस' हे अक्षर. मयताला वेगळं अक्षर असतं, दुबार नावाला वेगळं. 'एस' म्हणजे स्थलांतरित.

"स्थलांतरित?" आई म्हणाली. "मी काय भिगवणचा पक्षी आहे?"

रिक्षात अप्पा शाईचं बोट झब्ब्याच्या खिशात घालून बसले होते. एरवी ते दिवसभर मिरवतात.

आता रागाच्या भरात मी घरी येऊन चारजणांना फोन केले, व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडली. पण दुपारी जरा थंड झाल्यावर लक्षात आलं की बीएलओ फारसे चुकले नव्हते. शनिवार पेठेतला आमचा वाडा २०२१ मध्ये बिल्डरकडे गेला आणि दोघं माझ्याकडे धायरीला राहायला आली. नाव तिथेच असावं जिथे माणूस सामान्यपणे राहतो, हा कायदा. पडलेल्या वाड्याच्या पत्त्यावर नावं ठेवून आम्हीच तीन वर्षं स्वस्थ बसलो होतो. अप्पांचं नाव का राहिलं, याचं उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं. नाव काढण्याआधी नोटीस द्यावी लागते; ती गेलीच असेल तर पत्र्याच्या कुंपणाला चिकटवून गेली असणार.

पुण्याला हे नवं नाही. १७ एप्रिल २०१४ च्या लोकसभा मतदानाला शहरात नावं गहाळ झाल्यावरून एवढा गदारोळ झाला की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या दिवशी टीव्हीवर चिडलेली माणसं बघून मी म्हणाले होते, "आधी बघायला काय झालं होतं यांना?" हे वाक्य मला १३ मेच्या दुपारी आठवलं आणि घशाशी आलं.

आणखी एक गोष्ट पुण्याबाहेरच्या माणसाला सांगितली तर पटत नाही. धायरी महानगरपालिकेत आहे, कचऱ्याची गाडी पालिकेची, मिळकतकर पालिकेला. पण विधानसभेला आम्ही खडकवासल्यात आणि लोकसभेला बारामतीत. हडपसरवाले असेच शिरूरला जातात. माझं मत म्हणून सहा दिवस आधी, ७ मेला, पडलेलं होतं. आईचं नाव वेळेवर इकडे आणलं असतं तर तीही माझ्याबरोबर ७ तारखेलाच, घरापासून दहा मिनिटांवर मत देऊन आली असती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसले. पत्ता बदलायचा तर फॉर्म ८. पूर्वी मतदारसंघ बदलला की वेगळा फॉर्म लागायचा, २०२२ पासून स्थलांतर, दुरुस्ती, नवं कार्ड सगळं ८ मध्येच. अप्पांचा भरला, वीस मिनिटांत झाला. आईचा कार्ड क्रमांक टाकला तर 'नोंद आढळली नाही'. १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, नाव वगळलंय ना, मग फॉर्म ६ भरा. फॉर्म ६ म्हणजे नवमतदारांचा.

"शहात्तराव्या वर्षी नवमतदार," अप्पा म्हणाले. "पंचवीस जानेवारीला मतदार दिनाला हिला स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूल देतील."

फॉर्म सोपा आहे, असं मी म्हणणार नाही आणि अवघड आहे असंही नाही. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, घरातल्या एखाद्या मतदाराचा कार्ड क्रमांक. वयाला आधार चाललं. त्यावर आईची जन्मतारीख १ जून आहे, जशी तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींची असेल, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. घोटाळा झाला तो नावांत. इंग्रजीत टाइप केलं की खालच्या चौकटीत मराठी आपोआप उमटतं, आणि ते वाचून दुरुस्त करायचं असतं हे रात्री अकराला कुणाला सुचतं! पतीचं नाव दत्तात्रय. उमटलं 'दट्टात्रय'. मी तसंच पाठवलं.

ते कळलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. तिच्या पिढीत नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, आणि एकदा लिहून द्यायची वेळ आली तर हे असं. मला मात्र ते वाचून दुसरंच आठवलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीआधी याद्या झाल्या तेव्हा कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशी नोंद ठेवायला तयार नव्हते. मुदत वाढवून दिली, तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली, त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. आईचं नाव निदान तिचं स्वतःचं होतं आणि बरोबर उमटलं होतं. नवऱ्याचं दुरुस्त करता येईल.

मग वाट बघणं. संदर्भ क्रमांक टाकला की अर्ज कुठवर आलाय ते दिसतं. बीएलओकडे गेला, इतकं दिसलं आणि तिथेच थांबला. जुलैच्या मध्यावर दोन्ही अर्ज एकाच दिवशी नामंजूर. शेरा: घर बंद आढळले.

घर बंद? आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ दोन म्हातारी माणसं असतात. अप्पा तर बाल्कनीतून खाली येणारी-जाणारी प्रत्येक स्कूटर मोजतात. नामंजुरीवर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, ते मी तावातावाने वाचून काढलं होतं. अपील लिहायला बसण्याआधी एकदा बीएलओशी बोलावं म्हणून पोर्टलवरून त्यांचा नंबर काढला.

फोन उचलला तो एका अंगणवाडीसेविकेने. मागे पोरांचा गलका.

"ताई, मी तीनदा येऊन गेले तुमच्या सोसायटीत," त्या म्हणाल्या. "एकदा तर भर पावसात. तुमच्या वॉचमननी गेटवरूनच परत पाठवलं. म्हणे फ्लॅटवरून अ‍ॅपमध्ये ओके आलं तरच सोडतो. तुमच्याकडून ओके आलं नाही. मी काय लिहिणार मग?"

अ‍ॅप माझ्या फोनवर होतं. सकाळी अकराला मी ऑफिसात, मीटिंगमध्ये, फोन उलटा. अनोळखी नाव दिसलं की मी 'नाकारा' दाबते, सगळेच दाबतात. आंबेवाला, विमेवाला, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा. मी जुने निरोप उघडून पाहिले. तारखेसकट होतं. 'अंगणवाडी, मतदार यादी.' नाकारलं. नाकारलं. तिसऱ्यांदा मी काहीच दाबलं नव्हतं, वेळ संपून आपोआप नाकारलं गेलं होतं.

शनिवार पेठेतल्या वाड्याला दरवाजा होता पण तो रात्री दहानंतरच लागायचा. कोणीही यायचं, पोस्टमन, जोगतीण, जनगणनेचे मास्तर, आणि कुणी घरात नसेल तर समोरच्या वहिनी सांगायच्या की ही माणसं कुठे गेलीत आणि कधी येतील. आईचं नाव वाडा पडला म्हणून गेलं. आणि आमच्या सोसायटीच्या गेटमुळे परत येईना.

अपील राहू द्या, नवीन अर्ज टाका, असं ताईंनीच सुचवलं. "मी रविवारी येते, पण गेटला सांगून ठेवा." रविवारी त्या आल्या. मी खाली जाऊन त्यांना वर आणलं, वॉचमनमामांची नजर चुकवतच म्हणा ना, लाज वाटत होती. त्यांच्याकडे कापडी पिशवीत यादीचा गठ्ठा, रबरबँड लावलेला, आणि कानाला खोचलेली पेन्सिल. हजार-बाराशे मतदार एकट्या बघतात, अंगणवाडी सांभाळून. आईला विचारलं, "आजी, इथंच राहता ना कायम?" आई म्हणाली, "जाणार कुठे आता?" झाली पडताळणी. पोहे मात्र त्यांनी दोनदा घेतले.

पुढचे सात दिवस हरकतींसाठी असतात, कुणाची हरकत आली नाही. ऑगस्ट संपताना दोघांची नावं यादीत आली. आईला नवा क्रमांक मिळाला, अप्पांचा जुनाच राहिला. आणि गंमत अशी की अप्पा आणि मी एका केंद्रावर, आई दुसऱ्या शाळेत. एकाच घरातली, एकाच पत्त्यावरची तीन माणसं दोन याद्यांत कशी जातात, हे मी ताईंना विचारलं. "तेही होईल सरळ," त्या म्हणाल्या. अजून झालेलं नाही.

माझी टोचणी तेवढ्याने जाईना. आमच्याकडे 'घर बंद' लिहिलं गेलं तर बाकीच्या शंभर फ्लॅटचं काय? ताईंच्या गठ्ठ्यात आमच्या इमारतीपुढे पेन्सिलीने किती वेळा ते दोन शब्द होते, ते मी पाहिलं होतं. सेक्रेटरींना भेटले. ते म्हणाले, सोसायटीत राजकारण नको. मी म्हटलं, टेबल गणपतीचं, खुर्च्या गणपतीच्या, मांडव उतरायच्या आधी एक रविवार द्या फक्त. कुठल्याही पक्षाचा माणूस येणार नाही. हो-नाही करता करता पार्किंगमधली एक जागा मिळाली, स्कूटर हलवून.

सकाळी दहा ते दोन बसलो. तीस-पस्तीस अर्ज झाले. बहुतेक आमच्यासारखेच, पेठांमधून, कोथरूडमधून, सोलापूर-लातूरकडून आलेले आणि नाव मागेच राहिलेले. "कार्ड आहे की आमच्याकडे" हे वाक्य मी त्या चार तासांत किती वेळा ऐकलं! मग मी त्यांना सातबाऱ्याचं सांगायला लागले. जमिनीचा नकाशा घरात फ्रेम करून लावला म्हणून जमीन आपली होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागतं. उलट यादीत नाव असेल तर कार्ड घरी विसरलं तरी आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यांतलं काहीही चालतं.

भाडेकरूंचं वेगळंच. तिसऱ्या मजल्यावर तीन मुलं राहतात, उदगीरकडची, हिंजवडीला नोकरीला. त्यांना नाव इथे आणायचं होतं, कारण मतदानाची सुट्टी एक दिवसाची आणि उदगीरला जायला रात्र जाते, यायला रात्र. नोंदणीकृत भाडेकरार हा पत्त्याचा पुरावा चालतो. पण घरमालकांनी त्यांना कराराची प्रतच दिलेली नव्हती. मालक खाली आले, बाजूला घेऊन मला म्हणाले, "उद्या यादीत नाव आहे म्हणून फ्लॅटवर हक्क सांगतील." मतदार यादीतल्या नावाने भिंतीवर खिळा ठोकायचाही हक्क मिळत नाही, हे त्यांना मी सांगितलं, ताईंनी सांगितलं, शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी सांगितलं तेव्हा पटलं. दोघांनी अर्ज भरला. तिसरा म्हणाला, माझं मत गावीच बरं, तिथे ग्रामपंचायतीला एकेका मताची किंमत आहे. तर मग इथे भरू नकोस, दोन ठिकाणी नाव हा गुन्हा आहे, एवढंच ताई म्हणाल्या.

एका गृहस्थांची आई तीन वर्षांपूर्वी गेली, नाव यादीत तसंच. नाव कमी करण्याचा फॉर्म ७ पुढे केला तर ते हातात धरून बसून राहिले. "राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय?" रेशनकार्डावरून काढलं होतं, बँकेतून काढलं होतं, हे एकच शेवटचं उरलं होतं, असं काहीसं पुटपुटले. ताईंनी घाई केली नाही. चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "दादा, नाव तुमच्या आईचं राहील, पण शाई दुसऱ्या कुणाच्या बोटाला लागेल." त्यांनी सही केली. मृत्यूचा दाखला मोबाईलमध्ये होता, लगेच सापडला.

त्याच महिन्यात अप्पा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड. विधानसभा जाहीर झाली तेव्हा ते पलंगावर होते आणि २० नोव्हेंबरपर्यंत उठण्याची चिन्हं नव्हती. ८५ च्या वरच्यांना आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं; त्यासाठी १२ डी हा फॉर्म अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ताई तो स्वतः घेऊन आल्या. एकदा घरून मत म्हटलं की मग केंद्रावर जाता येत नाही, हे त्यांनी अप्पांना दोनदा बजावलं. अप्पा शहाऐंशीचे. सही करताना म्हणाले, "म्हणजे पोस्टाने मत. सीमेवरच्या जवानासारखं."

मतदानाच्या काही दिवस आधी पथक आलं. या वेळी मी सुट्टी घेतली होती आणि गेटला सकाळीच सांगून ठेवलं होतं. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला, आणखी एकजण. दाराशी चपला-बुटांचा ढीग. जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी आणि औषधांचा डबा आईने उचलला आणि तिथे पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला, केंद्रावर असतो तसाच. अप्पांना चाकाच्या खुर्चीत बसवून तिथे आणलं. मग अधिकाऱ्यांनी मला आणि आईला आतल्या खोलीत जायला सांगितलं.

"मदत लागेल त्यांना, हात कापतो," मी म्हणाले.

"लागली तर ते सांगतील," अधिकारी म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून मला अप्पांची पाठ फक्त दिसत होती. घड्याळाची टिकटिक आणि कॅमेरेवाल्याचं खाकरणं. अप्पांनी विचारलं, "शिक्का कुठाय?" त्यांना मतपत्रिकेवर फुलीचा शिक्का मारायची सवय होती, मशीन यायच्या आधीची. पेनने खूण करायची आहे, असं कुणीतरी सांगितलं. मग बराच वेळ काही नाही. मग कागद घडी घालण्याचा आवाज, एक पाकीट, डिंक, घोषणापत्रावर सही, मग ते दोन्ही दुसऱ्या मोठ्या पाकिटात. अप्पांनी ते आपल्या हाताने दाबून चिकटवलं, तळहाताने, दोनदा.

२० तारखेला मी आईबरोबर तिच्या शाळेत गेले. तीच नारायणपेठी. यादीत नाव होतं, 'दट्टात्रय'सकट. तो दुरुस्तीचा अर्ज टाकायचा राहूनच गेला होता. वाचणाऱ्या तरुण शिक्षकाने नाव वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "तेच ते. वाच तू." बाहेर आल्यावर मला म्हणाली, चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणतात, मी मोजली, बरोबर सात.

गेल्या वर्षी पालिकेच्या प्रभाग याद्या निघाल्या, तेव्हा ताई पुन्हा आल्या. वॉचमनमामांच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आता सेक्रेटरींच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'बीएलओ मॅडम, विचारू नये, सोडणे.' त्या सरळ वर आल्या, अप्पांची तब्येत विचारली, गठ्ठ्याचं रबरबँड काढलं. आमच्या मजल्यावर चारपैकी तीन घरं झाली. चौथ्याची बेल त्यांनी दोनदा वाजवली, दाराला कान लावला, मग कानामागची पेन्सिल काढून यादीत लिहिलं.

"ही माणसं असतात कधी?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. चार वर्षं शेजारी आहोत.